विश्लेषण : वाळवंटातल्या ट्रेकला कुत्र्याला न्यावे का? ऊन, तापलेली जमीन आणि परत फिरण्याचे गणित

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात उन्हाळ्यात एक वेगळा नियम पाळावा लागतो. तापमान १०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसवर गेले, की शहराच्या डोंगरी पायवाटांवर कुत्र्यांना नेता येत नाही. माणसांना मात्र त्या तापमानाला मुभा असते. वरवर पाहता हा नियम उलटा वाटतो. चार पायांवर धावणारे, चपळ आणि काटक जनावर माणसाआधी कसे थकेल? पण वाळवंटातल्या उन्हात बहुतेक वेळा तसेच घडते. याची कारणे कुत्र्याच्या शरीरात आहेत, तशी त्याच्या स्वभावातही आहेत.

फीनिक्समधील नियम काय आहे?

फीनिक्स हे सोनोरन वाळवंटात वसलेले मोठे शहर. शहराच्या हद्दीतच खडकाळ डोंगर आहेत आणि त्यांवर शेकडो किलोमीटरच्या पायवाटा आहेत. त्यांपैकी ‘साउथ माउंटन’ हे राखीव उद्यान १६ हजार एकरांहून मोठे असून अमेरिकेतील सर्वांत मोठ्या नगर-उद्यानांमध्ये त्याची गणना होते. सकाळी कामावर जाण्यापूर्वी कुत्र्याला घेऊन डोंगर चढून येणे ही तिथल्या अनेकांची रोजची सवय आहे.

उन्हाळ्यात हीच सवय जिवावर बेतू लागल्याने २०१६ मध्ये शहराच्या उद्यान मंडळाने १०० अंशांची मर्यादा आणली. कॅमलबॅक डोंगराच्या शिखरवाटांवर आणि पायेस्टवा शिखराच्या मुख्य वाटेवर तर कुत्र्यांना बाराही महिने बंदी आहे, कारण तिथली चढण उभी आणि खडकाळ आहे. २०२१ पासून अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी अशा काही वाटा दिवसाच्या तापत्या तासांत माणसांसाठीही बंद ठेवल्या जातात.

या उन्हाळ्याची कल्पना यावी म्हणून दोन आकडे पुरेसे आहेत. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फीनिक्सचे कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट (सुमारे ४३ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक होते. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, सलग ११३ दिवस पारा १०० अंशांवर पोहोचत राहिला.

मात्र १०० अंश ही कायद्याची रेघ आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे. थेट उन्हात, चढावर, सवय नसलेल्या कुत्र्याला ३० अंश सेल्सिअसलाही उष्माघात होऊ शकतो.

कुत्र्याला ऊन अधिक का बाधते?

माणसाच्या जवळजवळ सर्व त्वचेवर घामाच्या ग्रंथी असतात. घाम उडून जाताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. म्हणजे माणसाची सगळी कातडीच थंडावा देण्याचे काम करते. कुत्र्याला अशा प्रकारचा घाम येतो तो मुख्यतः पंज्यांच्या गाद्यांना, आणि शरीर थंड करायला तो पुरेसा नसतो. त्याचा सगळा भार धापा टाकण्यावर असतो. जीभ, तोंड आणि नाकातील ओलावा श्वासाबरोबर उडतो आणि तेवढ्याच जागेतून उष्णता बाहेर पडते.

कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, माणसापेक्षा थोडे जास्त. चालताना, चढताना, धावताना स्नायू सतत उष्णता निर्माण करतात. वरून ऊन, खालून तापलेला खडक आणि आतून स्नायूंची उष्णता अशा तीन बाजूंनी भर पडत असताना धापांचा वेग अपुरा पडला, की शरीराचे तापमान वाढू लागते. ते ४१ अंशांच्या आसपास किंवा पुढे गेले, की मेंदू, मूत्रपिंड, आतडी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना इजा होऊ लागते. हाच उष्माघात.

त्यात उंचीचा प्रश्न आहे. माणसाचे डोके जमिनीपासून पाच-सहा फुटांवर असते, तर कुत्र्याचे पोट एक-दीड फुटावर. जमिनीलगतची हवा सर्वांत जास्त तापलेली असते आणि खडकातून वर फेकली जाणारी धग थेट त्याच्या पोटाला लागते. मालकाला ‘ऊन आहे, पण चालण्यासारखे आहे’ असे वाटत असते, तेव्हा त्याच्या गुडघ्याखाली हवा वेगळीच असते.

कुत्र्यांच्या उष्माघाताची चर्चा बहुधा बंद गाडीत अडकलेल्या कुत्र्यांपुरती होते. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र कारण नोंदवलेल्या उष्माघातांपैकी सुमारे ७४ टक्के प्रकरणे व्यायामामुळे, म्हणजे चालणे, धावणे, खेळणे यांमुळे झाल्याचे आढळले. ब्रिटनसारख्या थंड देशात ही स्थिती असेल, तर वाळवंटातील चढणीबद्दल वेगळे सांगायला नको.

‘दमला की थांबेल’ हा भरवसा का चुकतो?

माणूस थकला की तसे बोलतो, सावली शोधतो, परतीचा रस्ता किती उरला याचा हिशेब करतो. कुत्र्याला वाट किती लांब आहे हे ठाऊक नसते. मालक चालतो आहे तोवर त्याच्या मागे किंवा पुढे राहायचे, एवढेच त्याला कळते. चेंडू फेकणारा हात थांबेपर्यंत धावणारा कुत्रा डोंगरावरही तसाच वागतो. त्यामुळे अनेकदा पहिले ठळक लक्षण दिसते तेव्हा शरीर बरेच तापलेले असते.

म्हणून वाळवंटातल्या वाटेवर कुत्र्याचा उत्साह हे प्रमाण धरता येत नाही. थांबायचे कुठे आणि फिरायचे कधी, हे माणसानेच आणि शक्यतो घरातून निघण्यापूर्वी ठरवावे लागते.

कोरडी हवा मदत करते की घात?

दोन्ही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम अंगावर साचून राहतो, लवकर उडत नाही. वाळवंटातल्या कोरड्या हवेत ओलावा झटकन उडतो. त्यामुळे धापा टाकून अंग थंड करणे तिथे तुलनेने सोपे जाते. पण त्याच वेगाने शरीरातील पाणीही कमी होत जाते आणि ते दिसत नाही. माणसाचा घाम कपडे ओले होण्याआधीच सुकतो, कुत्र्याचा तर फक्त श्वास जोरात चाललेला दिसतो. पाणी कमी पडले, की धापांसाठी लागणारा ओलावाही कमी होतो आणि थंडाव्याचा एकुलता मार्ग आखडतो.

ॲरिझोनात पावसाळाही असतो. १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला अधिकृत ‘मॉन्सून’ काळ. या दिवसांत तापमान चढेच राहते आणि हवेतील दमटपणा वाढतो. तेव्हा कोरड्या हवेचा फायदा कमी होतो. जूनच्या सुरुवातीला सहज जमलेली चाल जुलैच्या शेवटी त्याच तापमानाला जड जाऊ शकते, ती यामुळे.

जमीन किती तापते?

हवामान खात्याचे तापमान सावलीत मोजलेले असते. उन्हातला खडक, वाळू आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतात. फीनिक्सच्या उन्हाळी दुपारी डांबर ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. अशा पृष्ठभागावर पंज्यांच्या गाद्या काही क्षणांत भाजतात.

सोपी चाचणी अशी : हाताची पालथी बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून ठेवावी. ठेववत नसेल, तर कुत्र्याने त्यावर चालू नये. ही चाचणी फक्त पायवाटेच्या सुरुवातीला करून भागत नाही. सकाळी सहाला गार असलेला खडक नऊला तापलेला असतो आणि परतताना त्याच खडकावरून यायचे असते. शिवाय वाहनतळाचे डांबर पायवाटेच्या मातीपेक्षा अधिक तापते. वाटेवर ठीक राहिलेल्या कुत्र्याचे पंजे गाडीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात भाजू शकतात.

लंगडणे, पंजे सतत चाटणे, पुढे चालायला नकार देणे, गादीचा रंग गडद होणे किंवा कातडीचा पापुद्रा निघणे ही भाजल्याची लक्षणे. अशा वेळी पंज्यांवर गार पाणी ओतावे, कुत्र्याला चालवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

कोणत्या कुत्र्यांना धोका जास्त?

- चपट्या नाकाचे कुत्रे : पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू. त्यांचा श्वासमार्गच अरुंद असल्याने धापा टाकून अंग थंड करणे कठीण जाते. उन्हाळी वाळवंट त्यांच्यासाठी नाहीच.
- लठ्ठ कुत्रे : चरबी उष्णता आत कोंडून ठेवते आणि वजन ओढायला जास्त ताकद लागते.
- पिल्ले, म्हातारे कुत्रे, हृदयाचे किंवा श्वासाचे आजार असलेले कुत्रे. उतारवयातील लॅब्राडॉरमध्ये स्वरयंत्राचा लकवा आढळतो. भुंकण्याचा आवाज बदलला असेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल, तर आधी तपासणी करावी.
- दाट आणि गडद केसांचे कुत्रे : काळा रंग ऊन अधिक शोषतो.
- नव्याने आलेले कुत्रे : थंड प्रदेशातून आलेल्या कुत्र्याच्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सिॲटलहून किंवा शिकागोहून आलेल्या पाहुण्याचा कुत्रा पहिल्याच शनिवारी डोंगरावर नेऊ नये.

एकदा उष्माघात होऊन गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत पुढे अधिकच जपावे लागते.

कधी आणि कुठे जावे?

सोनोरन वाळवंटात कुत्र्यासोबत फिरण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात जायचेच असेल, तर सूर्योदयाच्या सुमारास निघून ऊन चढण्याआधी परत येणे हा एकच पर्याय उरतो. दिवसातील सर्वांत थंड वेळ पहाटेची. संध्याकाळ त्यामानाने फसवी असते. सूर्य मावळला तरी दिवसभर तापलेले खडक उशिरापर्यंत धग सोडत राहतात. जुलै २०२३ मध्ये तर अनेक रात्री फीनिक्सचे किमान तापमान ९० अंश फॅरनहाइटच्या (३२ अंश सेल्सिअस) खाली उतरलेच नाही. अशा दिवसांत पहाटही पुरेशी थंड नसते.

वाट निवडताना लांबीपेक्षा सावली पाहावी. सग्वारो हे उंच निवडुंग छायाचित्रात भव्य दिसतात, पण त्यांची सावली काठीएवढी. पालो व्हर्दे आणि मेस्किट ही झाडे ओढ्यांच्या कडेने वाढतात. तिथे थोडी विश्रांती मिळते. डोंगराची कोणती बाजू सकाळी सावलीत असते हेही पाहावे. वाळवंटातील बहुतेक ओढे वर्षभर कोरडे असतात, त्यामुळे नकाशावर निळी रेघ दिसली म्हणून पाणी मिळेल असे समजू नये.

उंची हा दुसरा मार्ग. फीनिक्सच्या उत्तरेला सुमारे २३० किलोमीटरवर, सात हजार फुटांवर वसलेल्या फ्लॅगस्टाफच्या परिसरात पाइनची जंगले आहेत आणि हवा खूपच थंड आहे. उन्हाळ्यात अनेक फीनिक्सकर कुत्र्यांसह तिकडे वळतात.

राष्ट्रीय उद्यानांचे नियम आधी पाहणे आवश्यक आहे, कारण ते ठिकाणागणिक बदलतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरील वाटांवर दोरीला बांधलेला कुत्रा चालतो, पण कड्याखाली दरीत उतरायला त्याला मनाई आहे. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या उद्यानांत बहुतेक पायवाटा कुत्र्यांना बंद आहेत. याउलट ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे कुत्र्यांना वाटांवर नेता येते. दोरी सर्वत्र सहा फुटांपेक्षा लांब असू नये असा राष्ट्रीय उद्यानांचा नियम आहे.

पाणी किती न्यावे, परत कधी फिरावे?

घरी आरामात असलेल्या कुत्र्याला दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. उन्हात चालताना ही गरज झपाट्याने वाढते. दोन-तीन तासांच्या सकाळच्या चालीसाठी अशा कुत्र्याकरिता दीड ते दोन लिटर पाणी वेगळे न्यावे. ते माणसांच्या वाट्यातून काढू नये. अंगावर ओतायची वेळ आली, तर हेच पाणी उपयोगी पडते.

तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी द्यावे. घडीची वाटी जवळ ठेवावी. माणसांची क्षारपेये कुत्र्याला देऊ नयेत. घामावाटे त्याचे क्षार फारसे जात नाहीत आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली पेये किंवा गोळ्या कुत्र्यासाठी विषारी असतात.

परत फिरण्यासाठी दोन नियम उपयोगी पडतात. पहिला पाण्याचा : नेलेल्या पाण्याचा एक तृतीयांश भाग संपला, की जिथे असू तिथून मागे वळावे. एक भाग जाताना, एक येताना, एक अडचणीसाठी. दुसरा वजनाचा : कुत्रा कोसळला, तर त्याला उचलून गाडीपर्यंत आणता येईल एवढ्याच अंतरावर जावे. दहा किलोचा कुत्रा खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर उतरता येते. तीस किलोच्या लॅब्राडॉरला घेऊन, उन्हात, दगडांवरून एकट्याने उतरणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मोठा कुत्रा असेल, तर सोबत दुसरा माणूस असावा.

बूट, जॅकेट, केस कापणे : काय उपयोगी?

*बूट* तापलेल्या खडकापासून आणि काट्यांपासून पंजे वाचवतात, पण त्यांची सवय घरी आधी करून घ्यावी लागते. बूट घातले म्हणजे दुपारी चालायला हरकत नाही, असा अर्थ काढू नये. ते पंजे वाचवतात, शरीर थंड करत नाहीत.

*ओले जॅकेट* कोरड्या हवेत चांगले काम करते, कारण त्यातील पाणी उडताना अंग गार होते. मात्र ते सुकले, की साध्या कपड्यासारखे उष्णता कोंडते. सतत ओले ठेवण्याइतके पाणी नसेल, तर ते काढून टाकावे.

*केस भादरणे* दाट दुहेरी केसांच्या कुत्र्यांसाठी योग्य नाही. वरचे केस थेट उन्हापासून कातडीचे रक्षण करतात. त्याऐवजी नियमित विंचरून आतले सुटलेले केस काढावेत.

तोंड घट्ट बंद करणारी *मुसकी* उन्हात कधीही वापरू नये, कारण त्याने धापा टाकणेच थांबते.

काटे, साप आणि भेक

चोया निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटतात आणि आकड्यासारख्या काट्यांनी रुतून बसतात. कुत्रा ते तोंडाने ओढू पाहतो आणि काटे जिभेत जातात. हाताने न ओढता कंगव्याच्या दातांत अडकवून तुकडा झटक्यात दूर करावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. कंगवा आणि चिमटा पिशवीत असलेच पाहिजेत. वाळलेल्या गवताची कुसळे कानात, नाकात आणि बोटांच्या बेचक्यांत शिरतात. परतल्यावर तिथे तपासावे.

रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीच्या खुळखुळ्याने इशारा देणारा विषारी साप, वसंतात दिवसा आणि कडक उन्हाळ्यात पहाटे, संध्याकाळी व रात्री बाहेर असतो. कुत्र्यासाठी सुरक्षित असलेली थंड वेळ हीच सापाचीही वेळ. म्हणून दोरी आखूड ठेवावी आणि झुडपांत नाक खुपसू देऊ नये. दंश झालाच, तर चिरा देणे, आवळून बांधणे, बर्फ लावणे यांपैकी काही करू नये. कुत्र्याला शक्यतो उचलून, लवकरात लवकर प्रतिविष उपलब्ध असलेल्या पशुरुग्णालयात न्यावे.

पावसाळ्यात सोनोरन वाळवंटातील मोठा भेक बिळातून बाहेर पडतो. त्याच्या कातडीतील विष चाटल्यास कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, तोल जातो, झटके येतात. तोंड खाली झुकवून, पाणी घशात जाणार नाही अशा बेताने एका बाजूने तोंड धुवावे आणि लगेच डॉक्टर गाठावा.

उष्माघात ओळखावा कसा?

सुरुवातीची लक्षणे : चाल मंदावणे, प्रत्येक सावलीत थांबणे, जीभ लांब लोंबणे आणि टोकाला पळीसारखी पसरट होणे, थांबल्यावरही धापा कमी न होणे. या टप्प्यावर ट्रेक संपला असे समजावे. थोडे थांबून पुढे जाण्याचा विचार करू नये.

पुढची लक्षणे : चिकट, तारा येणारी लाळ, हिरड्या लालभडक किंवा फिक्या पडणे, अडखळणे, नजर हरवल्यासारखी होणे, उलटी, रक्ताचे जुलाब, झटके, कोसळणे. ही आणीबाणी आहे.

अशा वेळी काय करावे?

पशुवैद्यकशास्त्रातील सध्याचा सल्ला स्पष्ट आहे : आधी थंड करा, मग हलवा. गाडीपर्यंत पोहोचण्यात जाणारा वेळ तापलेल्या शरीरासाठी घातक ठरतो. तरीही ब्रिटनमधील २०२३ च्या एका अभ्यासात, उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी फक्त सुमारे २२ टक्क्यांना दवाखान्यात आणण्यापूर्वी थंड करण्यात आल्याचे दिसले.

१. चालणे ताबडतोब थांबवावे. जवळची सावली गाठावी. सावली नसेल, तर माणसांनी उभे राहून किंवा कापड धरून ती करावी.
२. हाताशी असेल ते पाणी पोट, काखा, जांघा आणि पाठीवर ओतावे. ते बर्फासारखे थंड असण्याची गरज नाही, कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असले तरी चालते. थंड पाण्याने ‘धक्का बसतो’ ही समजूत मनात धरून वेळ घालवू नये.
३. टोपी, नकाशा, जे असेल त्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते.
४. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी प्यायला द्यावे. जबरदस्तीने तोंडात ओतू नये.
५. दवाखान्याला फोन करावा. श्वास जरा शांत झाला, की उचलून एसी सुरू असलेल्या गाडीत न्यावे. थर्मामीटर असेल, तर तापमान ३९.४ अंश सेल्सिअसवर आल्यावर पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर शरीर गरजेपेक्षा थंड होते.

कुत्रा उठून शेपूट हलवू लागला, तरी डॉक्टरांकडे नेणे टाळू नये. मूत्रपिंडांची आणि रक्त गोठण्याच्या यंत्रणेची हानी काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनीही उघड होऊ शकते.

परतल्यावर गाडीत थोडा वेळ ठेवले तर?

ट्रेकनंतर ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत कुत्र्याला गाडीत ठेवून दुकानात जाणे हा दिवसातील शेवटचा, पण मोठा धोका. उन्हात उभ्या गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने आणि अर्ध्या तासात जवळपास १९ अंशांनी वाढते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आधीच तापलेल्या कुत्र्याला तर इतकाही वेळ मिळत नाही. ॲरिझोनात २०१७ च्या कायद्याने अशा गाडीत अडकलेल्या लहान मुलाला किंवा पाळीव प्राण्याला वाचवण्यासाठी, ठरावीक अटी पाळून, गाडी फोडणाऱ्याला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण दिले आहे.

निघण्यापूर्वी

परतण्याच्या वेळेचे तापमान काय असेल? त्या वाटेवर कुत्र्यांना परवानगी आहे का? सावली कुठे आहे? पाणी किती आहे आणि त्याचा एक तृतीयांश कुठे संपेल? गरज पडल्यास त्याला उचलणार कोण? जवळचा रविवारी उघडा असणारा पशुदवाखाना कोणता? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल, तर कुत्र्याला त्या दिवशी घरी, पंख्याखाली आणि पाण्याच्या भांड्याजवळ ठेवावे. पायवाट नोव्हेंबरातही तिथेच असते.